मिरजेच्या घरचा कॉम्प्युटर: प्रकल्प नोंदी

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

सकाळी शेजारच्या काकू दारातूनच आईला विचारत आल्या, "आता कसा आहे गं तो?" कोण कसा आहे ते आईला कळेना. मग काकूंनी मोबाइल दाखवला. रात्री दीड वाजता आईच्या सोशल मीडियाच्या खात्यावरून त्यांना निरोप गेला होता: मुलाला अपघात झालाय, दवाखान्यात भरायला पैसे हवेत, लगेच पाठवता का. खाली क्यूआर कोड. काकूंनी २,००० रुपये पाठवलेही होते. दिवाळीसाठी घरी आलेला मी आतल्या खोलीत झोपलो होतो. त्यांनी रात्री दार वाजवलं नाही, कारण सगळे दवाखान्यातच असतील असं त्यांना वाटलं.

याच खात्यावर आई फराळाच्या ऑर्डर घेते. ऐंशी-नव्वद गिऱ्हाइकं जोडलेली आहेत, आणि किती जणांना तो निरोप गेला ते सकाळी सांगता येत नव्हतं.

१. काकूंकडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करवला. पैसे त्यांच्या बँक खात्यातून गेले, त्यामुळे तक्रार त्यांच्याच नावानं करावी लागते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारली. तक्रार क्रमांक मिळाला. या कामात तासांना किंमत असते, पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले की अडवायला काही उरत नाही.

२. आईनं फोनवरून एकेका गिऱ्हाइकाला कळवायला घेतलं. आणखी कुणी पैसे पाठवलेले नाहीत.

३. आईचा मोबाइल तपासला. नवीन काही टाकलेलं नाही. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी गेल्या वर्षी मीच चालू केली होती. रात्री एकही ओटीपी आलेला नाही. पासवर्ड चोरला असता तर ओटीपी आला असता. म्हणजे चोर पासवर्ड टाकून आत आलाच नाही.

आई फराळाचे फोटो टाकायला बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर वापरते. तो उघडला. २०१६ मध्ये घेतलेला, सहाव्या पिढीचा आय३, विंडोज १०. ब्राउझरचं शोधाचं पान भलतंच होतं. मेनूच्या तळाशी ओळ: हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. आमच्या घराची कुठलीही संस्था नाही. एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या) यादीत एक अनोळखी नाव, आणि त्याला काढून टाकायचं बटणच नाही.

नेटची वायर काढली.

डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचा, पूर्ण स्कॅन लावला. अडीच तास चालला. निकाल: शून्य धोके. माझा यावर विश्वास नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज कॉम्प्युटरला हात लावला नाही. सगळं काम माझ्या मोबाइलवरून.

बाबा सकाळपासून विचारत होते की आधी मशीन का साफ करत नाही. त्यांना समजावलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण घरात पुन्हा कुणीतरी हेच विचारेल. खात्यात एकदा लॉगिन केलं की ती साइट ब्राउझरला एक कुकी देते. एसटीच्या मासिक पासासारखं. पास काढताना पैसे मोजायचे, ओळखपत्र दाखवायचं. नंतर महिनाभर कंडक्टर फक्त पास बघतो. या जातीचं स्पायवेअर, म्हणजे मशीनवर गुपचूप हेरगिरी करणारा प्रोग्राम, पासच उचलून नेतं. तो पास दुसऱ्या गावातल्या मशीनवर दाखवला की साइटला वाटतं आईच आली. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. मशीन कितीही स्वच्छ केलं तरी बाहेर गेलेला पास चालूच राहतो. आधी तो रद्द करायचा.

क्रम असा ठेवला. पहिल्यांदा तिघांचे ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात. प्रत्येक ईमेलमध्ये: नवा पासवर्ड, सर्व उपकरणांवरून साइन आउट, रिकव्हरीचा फोन आणि पत्ता तोच आहे का, मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा नियम कुणी घालून ठेवलाय का, कुठल्या अॅपला परवानगी दिलेली आहे. हे शेवटचे दोन बहुतेक जण बघतच नाहीत. बाबांच्या ईमेलला एक जुनं, न ओळखता येणारं अॅप जोडलेलं होतं, ते तोडलं.

मग आईचं खातं. 'कुठून लॉगिन आहे' या यादीत एक अनोळखी विंडोज मशीन होतं, दुसऱ्या राज्यातलं. सगळ्यांना बाहेर काढलं, मग पासवर्ड बदलला. त्यानंतर नेटबँकिंग, बाबांचं पेन्शनचं खातं, डीमॅट, गॅस, वीज. बाबांनी पासबुक काढून तीन महिन्यांचे व्यवहार मोठ्यानं वाचले, मी मोबाइलवर ताडून बघितले. रुपयाचाही फरक नाही.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड: ४१ खाती. ब्राउझर ते कुलुपात ठेवतो हे खरं, पण वर्षानुवर्षं त्या कुलपाची किल्ली विंडोजच्या लॉगिनला बांधलेली होती. बाबांच्या लॉगिनमध्ये चालणारा कुठलाही प्रोग्राम ती किल्ली मागू शकतो आणि विंडोज देतं. क्रोमनं जुलै २०२४ मध्ये कुकींसाठी वेगळं, जास्त पक्कं कुलूप आणलं. चोरांनी काही महिन्यांतच त्यातून वाट काढली. म्हणून ४१ च्या ४१ गेले असं धरून चाललोय. आज २६ बदलून झाले.

रात्री ताईशी फोनवर बोललो. भाऊबीजेला भाचा दोन तास त्या कॉम्प्युटरवर बसला होता, गेम टाकला होता. मी म्हणालो, त्यानंच काहीतरी आणलं असणार. ताई काही बोलली नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर (रजा एक दिवस वाढवली)

नेट बंद ठेवूनच शोध. ऑटोरन्स हा छोटा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणला. विंडोज चालू होताना जे जे आपोआप सुरू होतं त्याची अख्खी यादी तो एका जागी दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की यादी हातात मावते. सह्या तपासायला सांगितल्यावर ज्याचा निर्माता पडताळता येत नाही ते गुलाबी दिसतं. शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) एक गुलाबी ओळ: दर दहा मिनिटांनी, खिडकी न दाखवता, ॲपडेटा या एरवी लपलेल्या फोल्डरच्या पोटातल्या एका फोल्डरमधली फाइल चालव. फोल्डरचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची भेळ.

मग डिफेंडरला ती दिसली का नाही? सेटिंगमध्ये 'एक्सक्लुजन्स' उघडलं आणि उत्तर मिळालं. स्कॅन करताना वगळायच्या जागांच्या यादीत एकच नोंद होती: सी ड्राइव्ह. संपूर्ण. शनिवारी अडीच तास तो स्कॅन रिकाम्या खोलीत झाडू मारत होता. ज्याच्याकडे ॲडमिनचे, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायचे, अधिकार आहेत तो प्रोग्राम अशी नोंद एका ओळीच्या आज्ञेनं घालू शकतो, आणि घरातल्या कुणालाही काही दिसत नाही. यापुढे "स्कॅन केला, काही नाही सापडलं" हे वाक्य ही यादी बघितल्याशिवाय मी मान्य करणार नाही.

नोंद काढली, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. मशीन बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, त्यामुळे चालू असलेला प्रोग्राम स्वतःला झाकू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटं. तीन ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेषात शिरणारे घातक प्रोग्राम), त्यातला एक पासवर्ड चोरणारा म्हणून नोंदवलेला.

आता तारीख. विंडोज घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवतं, ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते; तिथे डिफेंडरची वेगळी वही असते. तिच्यात ५००७ क्रमांकाची नोंद म्हणजे कुणीतरी सेटिंग बदलली, जुनी किंमत आणि नवी किंमत दोन्ही लिहिलेल्या. सी ड्राइव्ह वगळल्याची नोंद सापडली: रविवार, १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटं.

भाऊबीज २३ ला होती.

डाउनलोडचं फोल्डर तारखेनं लावलं. १२ तारखेला ७:३१ ला एक झिप. नाव एका मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं, पुढे 'फुल व्हर्जन'. सोबत मजकुराची फाइल: झिपचा पासवर्ड १२३४, आधी अँटीव्हायरस बंद करा, मग सेटअपवर डबल क्लिक करा. झिपला पासवर्ड लावतात तो उतरवताना कुणाला आत डोकावता येऊ नये म्हणून. आतली सेटअप फाइल ७०० एमबीच्या वर. फॉन्ट एवढा मोठा नसतो. बहुतेक भाग नुसती शून्यं भरलेली. व्हायरसटोटल या फाइल तपासून देणाऱ्या साइटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल तपासायला देता येत नाही, फुगवण्यामागचं कारण ते.

बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "भजनी मंडळाची दिवाळी पहाटची पत्रिका करायची होती. जुना फॉन्ट चालेना. तिथे लिहिलं होतं अँटीव्हायरस बंद करा, म्हणून केला. मग 'येस' का 'नो' विचारलं. मी 'येस' म्हटलं."

ते चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत लिपिक होते. लिहिलेल्या सूचना पाळणं हा त्यांचा धर्म. आणि ते 'येस' एवढं स्वस्त मी करून ठेवलं होतं: मशीन आणलं त्या दिवशी एकच खातं काढलं, ॲडमिनचं, बिनपासवर्डचं, सगळ्यांना सोपं जावं म्हणून. ही नोंद माझ्या नावावर.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पण आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हे नीट सांगायला हवं होतं. हे लोक घर निवडत नाहीत. जाळं टाकतात, जे येईल ते गोळा करतात आणि प्रत्येक मशीनचा गठ्ठा करून बाजारात विकतात. विकत घेणारा दुसराच असतो. लुमा नावाच्या एकाच चोरट्या प्रोग्रामनं १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातली ३,९४,००० हून जास्त विंडोज मशीन बाधित केल्याचं मायक्रोसॉफ्टनं मोजलं, तेव्हा कुठे न्यायालयाचा आदेश घेऊन त्याचे सुमारे २,३०० डोमेन बंद पाडले. आमच्या मशीनमध्ये लुमाच होता असं नाही. पण १२ तारखेला चोरी आणि २५ ला गैरवापर, यातले तेरा दिवस हा गठ्ठा कुणाच्या तरी दुकानात पडून असणार. आणि त्यात विकण्यासारखं होतं ते काकूंचं आईवरचं प्रेम. रात्री दीडला मागितल्यावर कारण न विचारता पैसे पाठवणारं माणूस.

मंगळवार, २८ ऑक्टोबर, पुणे

भाच्याला फोन केला. "मामा, मी ऑफिशियल स्टोअरमधूनच घेतला होता गेम, आणि आजीला विचारून." खरं आहे, काल तपासला. त्याची माफी मागितली. ताईचीही.

निर्णय: मशीन पूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकायचं. तीन ट्रोजन सापडले म्हणजे चौथा नाही असं होत नाही. बाबा त्यावर पेन्शन बघतात.

शनिवार, १ नोव्हेंबर, मिरज

बॅकअप: फोटो, आईचे ऑर्डरचे हिशोब, बाबांचे लेख आणि पत्रिका. फक्त दस्तऐवज आणि चित्रं. एकही ईएक्सई (चालणारा प्रोग्राम) नाही, झिप नाही. जुना ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर जोडून पुन्हा तपासला, यावेळी वगळलेल्या जागांची यादी आधी बघून.

विंडोजचा इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह माझ्या मशीनवर बनवला, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, ८ जीबीचा पुरतो. बसस्थानकाजवळच्या एका दुकानात बाबांना कुणीतरी ३०० रुपयांत "सगळं टाकून देतो" म्हणालं होतं. त्यांचा पेन ड्राइव्ह कुठे कुठे फिरून आलाय ते कोण सांगणार? नको.

इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन (डिस्कचे कप्पे) उडवली. परवाना मशीनशी जोडलेला असल्यानं 'प्रॉडक्ट की' टाकावी लागली नाही. संध्याकाळी आईनं तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा अपडेट उतरत होते. मधे एकदा लाइट गेली, पुन्हा सुरू केलं.

रविवार, २ नोव्हेंबर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आमची सहावी. म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर. हे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला नवीन मशीन किंवा लिनक्स, यातलं एक ठरवायचं आहे.

खाती. प्रकल्पाचा कणा हाच, त्यामुळे सविस्तर. ॲडमिनचं खातं एक, त्यात रोज कुणी बसायचं नाही. आई, बाबा आणि भाचा, तिघांना तीन साधी खाती, प्रत्येकाला पिन. आता काही इन्स्टॉल करायला गेलं की विंडोज नुसतं 'येस-नो' विचारत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागतं. वगळायच्या जागांची यादी बदलायलाही तोच लागतो. साध्या खात्यातही चोरटा प्रोग्राम चालू शकतो आणि त्या एका माणसाचं सामान नेऊ शकतो, त्यामुळे ही भिंत अभेद्य नाही. पण घर एक आणि खोल्या तीन झाल्या.

ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे? मी म्हटलं होतं माझ्याकडे राहू दे. आई म्हणाली, "म्हणजे तू पुण्यात, आणि इथे प्रिंटर अडला की आम्ही हात बांधून बसायचं?" तिचं बरोबर. मशीन त्यांचं आहे. कागदावर लिहून देवघराच्या खणात ठेवलाय. नियम एकच ठरला: तो कागद काढायच्या आधी घरात दुसऱ्या कुणालातरी सांगायचं, काय टाकतोय ते.

बाकीचं पटापट. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन; खोट्या 'डाउनलोड' बटणांच्या जाहिराती दिसल्याच नाहीत तर दाबल्या जाणार नाहीत. अनोळखी साइटना नोटिफिकेशन विचारायलाच बंदी. राउटरचा मूळ पासवर्ड आठ वर्षं तोच होता, बदलला. त्यात डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ९.९.९.९ घातला, तो क्वाड९ चा, घातक म्हणून माहीत असलेले पत्ते उघडतच नाही. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंगला दुसऱ्या प्रोग्रामनं हात लावू नये म्हणून) आणि नको असलेली ॲप अडवणं, दोन्ही चालू. दुसरा अँटीव्हायरस टाकलेला नाही. कॅमेऱ्यावर आईनं टिकली लावली.

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवायचे नाहीत. माझे मी पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवतो, बाबांना ते जमेना. त्यांनी लाल कापडी पाठीची वही काढली आणि सुवाच्य अक्षरात सगळे उतरवले, बँकेचे सोडून. ते पाठ आहेत. संगणकाच्या पुस्तकांत वहीला नावं ठेवतात. माझ्या मते सत्तरीतल्या माणसाच्या घरी, कुलपातली वही उत्तम आहे. कुठलंही स्पायवेअर ती उघडू शकत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हेरगिरी संपली असेल, पण बाबांची मूळ अडचण होती तिथेच आहे. त्यांना मराठी टाइप करायचंय. हे सुटलं नाही तर तीन महिन्यांनी ते पुन्हा कुठूनतरी फॉन्ट शोधतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

विंडोजमध्ये मराठी आधीपासूनच आहे, फुकट, भाषेच्या सेटिंगमध्ये जोडायचं. फोनेटिक त्यांना आवडलं नाही: "मराठी लिहायला आधी मनात इंग्रजी स्पेलिंग का करू?" मग इन्स्क्रिप्ट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. त्यांची बोटं मराठी टाइपरायटरला सरावलेली, त्यामुळे पहिला तास फार वाईट गेला. मग त्यांनी स्वतः कागदावर कळफलक काढला आणि भिंतीला चिकटवला. "के वर क आहे, हे एक बरं केलं."

जुन्या फॉन्टमधल्या फाइल उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्यात मराठी कधी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप चढवलं होतं. ११२ फाइल आहेत. छापील प्रती त्यांच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. लागतील तशा नव्यानं टाइप करायच्या, असं त्यांनीच ठरवलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर, पुणे

दुपारी बाबांचा फोन. "अरे, पीडीएफ उघडताना पासवर्ड मागतोय, ॲडमिनचा. मी 'नो' म्हटलं आणि बंद केलं. बरोबर केलं ना?" पीडीएफ उघडायला ॲडमिनचा पासवर्ड कधीच लागत नाही. फाइल मंडळाच्या ग्रुपवरून आली होती. रात्री त्यांनी वाचून दाखवलं: नावात पीडीएफ, पण त्याच्या पुढे आणखी एक शेपूट, ईएक्सई. विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. मी २ तारखेला दाखवायचं चालू केलं होतं, नोंदवायचं राहिलं. डिलीट केलं. ज्या सभासदाच्या फोनवरून आली त्यांना बाबांनी घरी जाऊन सांगितलं. रविवारी त्यांचंही मशीन बघायचं कबूल करून आलेत.

काकूंच्या २,००० रुपयांचा अजून पत्ता नाही. आई दर महिन्याला ५०० द्यायला गेली, काकू घेत नाहीत.

रविवार, ३० नोव्हेंबर, मिरज

आढावा. वगळलेल्या जागा: रिकामी यादी. ऑटोरन्स: गुलाबी काही नाही. तिघांच्या खात्यांवर अनोळखी लॉगिन नाहीत. ४१ पैकी ३८ पासवर्ड बदलले, ३ खाती बंदच केली.

मंडळाच्या सभासदाच्या मशीनवर वगळलेल्या जागांमध्ये सी ड्राइव्ह निघाला. त्याची वेगळी वही सुरू केली.

बाबांनी दत्तजयंतीची पत्रिका पूर्ण युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, टाइप केली, दोन पानं, चार तास. 'मंडळ' लिहिताना ळ सापडेना. शिफ्ट दाबून ल ची कळ, हे त्यांनी भिंतीवरच्या कागदावर लाल शाईनं लिहिलंय.